घरगुती ब्रॉडबँड : वेगाचा आंकडा पाहावा कीं दुरुस्तीचा माणूस?

पूर्वीं खतें, बेणें व इंजिनें यांविषयीं सभासद मंडळी आमच्याकडे विचारपूस करीत. अलीकडे त्यांत एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. घरीं इंटरनेटची तार घ्यावयाची आहे, तर कोणत्या कंपनीची व किती रुपयांची योजना घ्यावी? विचारणारा बहुधा बाजारच्या दिवशीं कंपनीच्या माणसानें हातीं दिलेलें रंगीत पत्रक घेऊनच आलेला असतो. त्या पत्रकावर वेगाचा एक मोठा आंकडा असतो, त्याखालीं सिनेमे दाखविणाऱ्या दहाबारा कंपन्यांचीं चिन्हें असतात, आणि वर्षाचे पैसे एकदम भरल्यास कांहीं दिवस फुकट असें ठळक अक्षरांनीं छापलेलें असतें. विचारणाराची समजूत अशी कीं, आंकडा जितका मोठा तितकी योजना चांगली. प्रश्न काय तो आपल्याला किती झेपेल एवढाच.

आमचें मत याच्या अगदीं उलट आहे व तें आरंभींच सांगून टाकतों. खेड्यांतील बागायतदाराच्या घराला कोणत्याही मोठ्या कंपनीची सर्वांत लहान योजना पुष्कळ होते. निवड करावयाची ती आंकड्यांत नव्हे. तार तुटली असतां ती जोडावयास कोण येणार, किती दिवसांत येणार, आणि तोंवर आपला पैसा कोणाच्या खिशांत राहणार, या तीन गोष्टींवरून योजना निवडावी. पत्रकावर या तिहींपैकीं एकही छापलेली नसते, म्हणूनच हा लेख लिहिण्याचें प्रयोजन.

प्रथम आंकड्याचा अर्थ पाहूं. पत्रकावर ‘३० एमबीपीएस’ असें लिहिलेलें असतें. यांतील ‘बी’ हा बिटचा आहे, बाइटचा नव्हे. आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो. मोबाईलांतील फोटो व चित्रफिती आपण एमबी व जीबी यांत, म्हणजे बाइटांत मोजतों. तेव्हां ३० ला आठांनीं भागिलें म्हणजे सेकंदास पावणेचार एमबी एवढा खरा पुरवठा झाला. एक जीबीची चित्रफीत उतरून घेण्यास साडेचार मिनिटें लागतील. शेराच्या मापानें घेतलेला माल पायलीचा समजून घरीं आणावा, तशी ही फसगत पुष्कळांची होते. आणि त्यांत कंपनीचा दोष नाहीं, माप पत्रकावर लिहिलेलेंच असतें.

पण पावणेचार एमबी म्हणजे कांहीं थोडें नव्हे. मोठ्या पडद्यावर स्वच्छ चित्र दिसण्यास सुमारें ५ एमबीपीएस पुरतात. माजघरांत एक सिनेमा चालू आहे, मुलीचा शिकवणीचा तास चालू आहे, आणि ओसरीवर आजोबा पुण्याच्या नातवाशीं चित्र पाहत बोलत आहेत, असें एकाच वेळीं धरलें तरी १५ च्या वर हिशेब जात नाहीं. हवामानाचा अंदाज, बाजारसमितीचे भाव, सातबाऱ्याचा उतारा, बँकेचें खातें हीं आपलीं खरीं कामें तर इतकीं हलकीं आहेत कीं त्यांस दोन एमबीपीएसही पुष्कळ. सरकारी संकेतस्थळ संथ असेल तर तें तिकडच्या यंत्राच्या गर्दीमुळें संथ असतें; आपण घरीं ३०० ची योजना घेतली म्हणून उतारा लवकर निघत नाहीं. कचेरींत एकच कारकून व बाहेर दोनशें अर्जदार असतांना आपण घोड्यावर बसून गेलों काय किंवा पायीं गेलों काय, सारखेंच.

सरकारची स्वतःची व्याख्याही येथें ध्यानांत घेण्यासारखी आहे. २००४ सालच्या धोरणांत २५६ केबीपीएस वेगास ब्रॉडबँड म्हटलें होतें. २०१३ मध्यें तें माप ५१२ केलें. आणि २०२३ च्या जानेवारींत २ एमबीपीएस केलें. म्हणजे ज्या लहान योजनेकडे आमचे सभासद नाक मुरडून पाहतात, तिचा आंकडा या व्याख्येच्या पंधरापट आहे.

आतां आंकड्याच्या मागें दडलेल्या शब्दाकडे वळूं. तो शब्द ‘पर्यंत’. तीसपर्यंत, शंभरपर्यंत. पाटाच्या पाण्यावर ज्यांची हयात गेली त्यांस या शब्दाचा अर्थ शिकवावयास नको. कांचेच्या धाग्याची जी तार आपल्या घरीं येते ती बहुतेक ठिकाणीं अशी येते : कंपनीच्या केंद्रांतून एक धागा निघतो, त्यावरून खालीं येणारा प्रवाह सामान्यतः एकंदर २,४८८ एमबीपीएस, आणि उलट जाणारा त्याच्या निम्मा, १,२४४. गांवांतल्या एका पेटींत हा धागा ३२ किंवा ६४ घरांस वांटून दिलेला असतो. ६४ घरांनीं एकाच क्षणीं आपापलीं दारें पूर्ण उघडलीं तर प्रत्येकाच्या वांट्यास ३९ च्या आंतबाहेर येतात. मग कोणी ३० ची योजना घेतलेली असो कीं ३०० ची. अर्थात् सगळे एकदम दारें उघडीत नाहींत, म्हणून एरवीं सर्वांचें भागतें. पण चारी भरलेली असून भागत नाहीं. वरचा कालवाही वाहता पाहिजे. तालुक्याच्या केंद्रापासून पुढें कंपनीनें किती पाणी घेतलें आहे हें आपणांस दिसत नाहीं, आणि तेथें आंखडता हात असला म्हणजे रात्रीं आठ ते दहाच्या सुमारास, जेव्हां गांवांतलें प्रत्येक घर पडद्यासमोर बसतें, तेव्हां टेलच्या शेतकऱ्याची जी अवस्था होते तीच सर्वांची होते. शेजपाळींत निदान पाळीचा कागद असतो, पाटकऱ्याजवळ जाऊन भांडतां येतें. येथें तोही कागद नाहीं.

म्हणून कंपनीचा माणूस भर दुपारीं आपल्या मोबाईलवर वेग मोजून दाखवितो त्यावर मुळींच विसंबूं नये. ज्या शेजाऱ्याकडे त्याच कंपनीची तार आहे त्याच्या ओसरीवर रात्रीं नऊच्या सुमारास जाऊन बसावें. लागोपाठ तीन-चार रात्रीं बसावें. एक दिवस रविवारचा असावा. शेजारी चहा पाजील, आणि पत्रकांत नसलेली माहिती पदरांत पडेल. वस्तीवर एकाच कंपनीची तार पोंचत असेल तरीही हें करावें, कारण तेथें प्रश्न कोणती घ्यावी हा नसून घ्यावी कीं नाहीं हा असतो.

पैशाचा हिशेब करूं. भाव वरचेवर बदलतात, तरी रीत समजण्यासाठीं आम्ही जुनींच पत्रकें समोर घेतों. जिओ कंपनीनें २०१९ च्या सप्टेंबरांत घरगुती तारेचा धंदा सुरू केला, आणि २०२० च्या सप्टेंबरांत ३९९ रुपयांस ३० एमबीपीएस व ६९९ रुपयांस १०० एमबीपीएस असे भाव लाविले. त्याच महिन्यांत एअरटेलनें ४९९ रुपयांस ४० एमबीपीएसची योजना काढली. हे आंकडे कर वगळून. त्यांवर शेंकडा १८ प्रमाणें जीएसटी चढतो. ३९९ चे ४७० रुपये ८२ पैसे होतात, ४९९ चे ५८८ रुपये ८२ पैसे, आणि ६९९ चे ८२४ रुपये ८२ पैसे. लहान व मधली योजना यांतला महिन्याचा फरक ३०० दिसतो, पण करासह वर्षाकाठीं तो ४,२४८ रुपये होतो. एवढ्यांत डीएपीच्या तीन गोण्या आल्या असत्या. आजच्या पत्रकाचा असाच ताळा प्रत्येकानें स्वतः करावा. आणि महिना म्हणजे ३० दिवस कीं २८, हेंही विचारावें, कारण २८ दिवसांच्या हिशेबानें वर्षाचे तेरा हप्ते होतात.

दुसरा शब्द ‘अमर्याद’. या शब्दालाही मर्यादा असते. वर सांगितलेल्या योजनांत महिन्याला ३,३०० जीबींची हद्द होती. तिच्या पलीकडे वेग उतरत असे. भिण्याचें कारण नाहीं. ३० एमबीपीएसची तार अहोरात्र पूर्ण भरून वाहिली तरी तीस दिवसांत ९,७२० जीबी होतात. म्हणजे हद्द गांठण्यास रोज आठ तास नळ पूर्ण सोडून ठेवावा लागेल. आमच्या माहितींतलें एकही घर तिच्या जवळपास गेलेलें नाहीं. तारेऐवजीं हवेंतून मिळणारी जी सेवा आहे तिच्या बाबतींत मात्र हद्द पाहून घ्यावी. २०२३ च्या सप्टेंबरांत जिओनें ती सेवा ५९९ रुपयांपासून सुरू केली तेव्हां तिची हद्द १,००० जीबी होती, म्हणजे दिवसाला ३३. एका पडद्याला ती पुरून उरते. तीन पडदे व चार कॅमेरे असलेल्या घरास पुरेल असें सांगवत नाहीं.

सिनेमांच्या चिन्हांविषयीं थोडक्यांतच लिहितों. ज्या घरांत तीं पाहिलीं जातात त्यांनीं त्यांसाठीं पैसे खुशाल द्यावे. पण तीं फुकट आहेत असें म्हणूं नये. गाय घेतांना घंटा फुकट मिळाली म्हणणाऱ्यानें घंटा नसलेल्या गाईचा भावही एकदां विचारून पाहावा.

आतां वर्षाच्या आगाऊ पैशांविषयीं, कारण येथेंच आमच्या लोकांचें खरें नुकसान होत आहे. सुगीचा पैसा हातीं आलेला असतो, दरमहा भरण्याची कटकट नको असें वाटतें, आणि वर कांहीं दिवस फुकट. शेजारच्या गांवच्या एका द्राक्षबागायतदारानें असेच वर्षाचे पैसे एकदम भरले. दोन महिने सेवा उत्तम चालली. पुढें रस्तारुंदीचें काम निघालें, जेसीबीनें तार उपटून काढली, आणि कंपनीनें रस्त्याचें काम होईतों नवी तार ओढण्याचें नाकारलें. मुलगा बारावीस होता. त्यानें परीक्षेचे महिने तालुक्याच्या गांवीं मावशीकडे काढले. पैसे परत मागितले तर आगाऊ योजनेंत परतफेड नाहीं असें कलम दाखविण्यांत आलें. तें कलम कागदावर होतें हें खरें. सही करतांना कोणीं वाचून दाखविलें नव्हतें हेंही खरें. दरमहा पैसे भरणाऱ्या त्याच आळींतल्या दोघांनीं मात्र पुढल्या महिन्याचा हप्ता भरलाच नाहीं व दुसरीकडून सोय पाहिली.

दरमहाचा हप्ता हाच ग्राहकाच्या हातांतला कासरा आहे. तो वर्षभरासाठीं सोडून देण्याची किंमत पंधरावीस दिवसांच्या फुकट सेवेनें भरून येत नाहीं. सहा महिने सेवा नीट चालल्याचें पाहिल्यावर कोणी तीन महिन्यांचें आगाऊ भरलें तर आमची हरकत नाहीं. पहिल्याच दिवशीं वर्षाचें भरूं नये. कांहीं कंपन्या वर्षाचे भरल्यास बसविण्याचा खर्च माफ करितात. पण एक हजार रुपयांच्या माफीसाठीं सातआठ हजार अडकवून ठेवणें हा व्यवहार आम्हांस तरी पटत नाहीं.

तार तुटते कशी हें शहरांतल्या पत्रककारांस ठाऊक नसतें, आपणांस असतें. आंतला कांचेचा धागा केसाएवढा बारीक. गळिताच्या हंगामांत ऊंसानें भरलेली ट्रॉली रस्त्यावरून जातांना लोंबती तार घेऊन जाते. उंदीर व खारी कुरतडतात. बांधावरील बाभळ वाऱ्यानें पडते. विहिरीवर पाइप टाकतांना आपलाच गडी कुदळ मारतो. तुटलेला धागा जोडण्यास खास यंत्र लागतें. तांब्याच्या तारेप्रमाणें सोलून पिळून भागत नाहीं. तें यंत्र व तें चालविणारा माणूस तालुक्यास आहे कीं जिल्ह्यास, यावर आपले दोन दिवस जाणार कीं दहा, हें अवलंबून आहे. तेव्हां कंपनीच्या माणसाला पहिला प्रश्न वेगाचा न विचारतां हा विचारावा : तार जोडणारा कोठें राहतो? उत्तर गोलमाल आलें तर पत्रक परत द्यावें. आणि तार घेतेवेळींच, रस्ता ओलांडतांना ती भरल्या ट्रॉलीच्या वर चांगली उंच घ्यावी, असा आग्रह धरावा. एक खांब जास्त लागला तरी आपला द्यावा.

या दृष्टीनें बीएसएनएलचा विचार वेगळा करावा लागतो. सरकारी कंपनी म्हणून पुष्कळ लोक तिचें नांव काढतांच हंसतात. पण खेड्यांत तिच्या कांचेच्या तारेचें काम बहुतेक ठिकाणीं स्थानिक भागीदारामार्फत चालतें. पूर्वींचा केबलवालाच पुष्कळदां हा भागीदार असतो आणि वसुलींतला हिस्सा त्यास मिळतो. तो गांवचा असतो, त्याचें घर आपणांस ठाऊक असतें, लग्नाकार्यांत त्याची आपली गांठ पडते. असा माणूस चांगला असेल तर बीएसएनएलची तीसची तार दुसऱ्या कोणाच्या तीनशेंच्या तारेहून श्रेष्ठ, असें आम्ही म्हणतों. तो माणूस नादान असेल, किंवा धंदा सोडून पुण्यास गेला असेल, तर मात्र कंपनीचें नांव कांहीं कामाचें नाहीं. ग्रामपंचायतीपर्यंत तार नेण्याची सरकारी योजना २०११ पासून चालली आहे. पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें, आणि २०२३ च्या ऑगस्टांत केंद्रीय मंत्रिमंडळानें तिच्या सुधारलेल्या रूपास १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर केले. पंचायतीच्या कपाटांत तिची पेटी असेल तर ती चालू आहे कीं धूळ खात आहे हें ग्रामसभेंत विचारण्याचा आपणांस हक्क आहे, आणि तो कोणी बजावीत नाहीं.

गांवठाणापासून लांब मळ्यांत राहणाऱ्यांस तार ओढून देण्यास कंपन्या नाखूष असतात. त्यांस छपरावर यंत्र बसवून टॉवरवरून घेण्याची सेवा हा एक मार्ग आहे. तींत तुटावयास तार नाहीं, हा मोठाच गुण. पण टॉवर व छप्पर यांमध्यें टेकडी किंवा दाट आमराई असूं नये, आणि टॉवरची वीज गेली असतां तोही झोपतो. बसविण्यापूर्वीं छपरावर नेऊन वेग मोजून मागावा, तोही रात्रींच.

विजेचा विषय निघालाच आहे. जुन्या टेलिफोनास तारेंतूनच केंद्राकडून ४८ व्होल्टचा पुरवठा येत असे, म्हणून गांवांत अंधार असतांही तो चालत असे. कांचेच्या तारेंतून वीज येत नाहीं. दिवे गेले कीं घरांतली पेटी बंद. ज्या गांवांत रोज चारपांच तास वीज नसते तेथें शंभरच्या योजनेवर महिन्याला जास्त खर्च करण्यापेक्षां पेटीपुरता एक लहान बॅटरीचा यूपीएस एकदांच घ्यावा. बहुतेक पेट्या १२ व्होल्टवर चालतात. किती अँपियर लागतात तें पेटीच्या पाठीवर लिहिलेलें असतें, तें पाहून घ्यावा. पेटी वाड्याच्या मध्यभागीं उंचावर ठेवावी. दोन-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींतून वायफाय गोठ्यापर्यंत जाईल ही आशा व्यर्थ आहे. गोठ्यांत किंवा कांदाचाळींत कॅमेरा लावावयाचा असेल तर तिकडे वेगळी तार ओढून दुसरी लहान पेटी बसवावी लागते. आणि कॅमेऱ्यासाठीं वर चढणारा वेग विचारावा, खालीं उतरणारा नव्हे. कांहीं योजनांत दोन्ही सारखे असतात, कांहींत वरचा पुष्कळच कमी असतो, आणि पत्रकावर ठळक छापलेला आंकडा बहुधा उतरणाराच असतो.

घरांत तार आली म्हणजे मोबाईलचा खर्च वांचेल, असें विक्रेते सांगतात. यांत अर्धें सत्य आहे. २०२४ च्या जुलैंत मोठ्या कंपन्यांनीं मोबाईलचे भाव वाढविले. रोज दीड जीबी देणारी जिओची २३९ रुपयांची २८ दिवसांची योजना २९९ वर गेली. घरांत असे चार मोबाईल असतील तर २८ दिवसांस १,१९६ रुपये होतात. जो मोबाईल घराबाहेर पडतच नाहीं, त्यास या योजनेची गरज उरत नाहीं. दूरसंचार नियामक प्राधिकरणानें २०२४ च्या डिसेंबरांत नियम करून केवळ बोलणें व संदेश यांपुरत्या योजना ठेवणें कंपन्यांस भाग पाडलें. म्हाताऱ्या माणसांच्या मोबाईलास त्या बऱ्या. पण जो शेतांत जातो त्याचा मोबाईल जसाचा तसा चालू ठेवावा. २०२१ च्या ऑगस्टपासून आपल्या राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि तिचा फोटो गटांत उभें राहूनच काढावा लागतो. घरांतली तार तेथें उपयोगाची नाहीं. पीक पाहणी राहिली तर विम्यापासून नुकसानभरपाईपर्यंत सर्वत्र अडतें, हें महसुलांत कारकुनी केलेल्यांस सांगावें लागत नाहीं.

आतां तक्रारीविषयीं. आमची नोकरी अर्ज घेण्यांत व अर्जांस क्रमांक देण्यांत गेली, त्यामुळें हा भाग जरा सविस्तर लिहिला तर वाचकांनीं क्षमा करावी. तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे. गांवांतल्या माणसाला फोन करून ‘तार बंद आहे’ म्हणून सांगितलें तर तो ‘बघतों’ म्हणतो, आणि कागदोपत्रीं आपली सेवा चालूच राहते. पेटीवर एलओएस नांवाचा तांबडा दिवा लागला असेल तर धाग्यांतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोंचत नाहीं, म्हणजे तार तुटली आहे किंवा निसटली आहे. तसें स्पष्ट सांगून कंपनीच्या तक्रारकेंद्राकडे नोंद करावी व तक्रारीचा क्रमांक तारीखवार वहींत टिपून ठेवावा. २०१२ च्या नियमांप्रमाणें असा क्रमांक देणें कंपनीवर बंधनकारक आहे. तक्रारीचा निकाल न लागल्यास त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे अपील करतां येतें, आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत झाला पाहिजे. प्राधिकरण स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार ऐकत नाहीं, हें ध्यानांत ठेवावें. तिकडे लिहिण्यांत टपाल वायां घालवूं नये.

प्राधिकरणानें २०२४ च्या ऑगस्टांत सेवेच्या दर्जाचे नवे नियम प्रसिद्ध केले. घरगुती तारेच्या दुरुस्तीस तीन दिवसांहून अधिक लागले तर भाड्यांत सूट, आणि आगाऊ पैसे भरणारास मुदतवाढ, अशी तींत तरतूद आहे. ही सूट आपणहून पदरांत पडेल अशी वाट पाहत बसूं नये. क्रमांक व तारखा दाखवून ती मागावी. वहींत तारखा नसतील तर मागणार कशावर? अपिलांतही दाद न लागली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तेथें चालत नाहींत असें कंपन्यांचे वकील पूर्वीं सांगत. १६ फेब्रुवारी २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या चालतात असा निर्णय दिल्यापासून तो मुद्दा मिटला आहे.

एका वस्तीवरील दहाबारा घरांनीं एकत्र येऊन एकाच कंपनीकडे मागणी केली तर पुष्कळ गोष्टी साधतात, असा आमच्या पंचक्रोशींतला अनुभव आहे. एकट्यादुकट्यासाठीं दीड मैल तार न ओढणारी कंपनी दहा घरांसाठीं ओढते. खांब कोणाच्या बांधावर रोवावयाचे याचा वाद आपसांत आधींच मिटतो. आणि बंद पडल्यावर एका तक्रारीऐवजीं दहा क्रमांक पडतात, त्यांचा कंपनीच्या कचेरींत निराळाच परिणाम होतो. मागणीच्या अर्जांत तार जोडणाराचें नांव, तो किती दिवसांत येईल, पेटीची अनामत किती व ती परत केव्हां मिळेल, आणि दरमहा भरण्याची सोय, एवढें लिहून घ्यावें. अर्जाची प्रत व पोहोच एकाच जबाबदार सभासदाकडे राहावी.

पुढें सेवा सोडावयाची झाली तर पेटी तशीच घेऊन जाऊं देऊं नये. ती कंपनीची मालमत्ता असते, आणि ती परत मिळाली नाहीं असें म्हणून अनामत अडविल्याचीं उदाहरणें आहेत. पेटीच्या पाठीवरचा क्रमांक वहींत उतरून घ्यावा, नेणाऱ्या माणसाकडून त्या क्रमांकासह तारखेची सही घ्यावी, आणि अनामत खात्यावर जमा होईपर्यंत ती पावती सातबाऱ्यांच्या दप्तरांतच ठेवावी.